बटण इथे, मॅक्रो तिथे

नव्या वर्षाची फाइल उघडली, पर्ची छापायचं बटण दाबलं आणि समोर गेल्या वर्षीची फाइल आपोआप उघडून बसली. एक्सेलवर हिशेब ठेवणाऱ्या पेढ्यांवर दिवाळीनंतर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला हा प्रकार हमखास होतो. मुनीमजी म्हणतात कॉम्प्युटरला व्हायरस लागला. व्हायरस वगैरे काही नसतो. जुन्या फाइलमधली शीट कोणीतरी नव्या फाइलमध्ये कॉपी केलेली असते. शीटबरोबर बटण आलं, पण बटणामागचा मॅक्रो जुन्याच फाइलमध्ये राहिला. बटणाकडे पत्ता जुन्या घरचा, म्हणून ते इमानदारीत जुनं घर उघडतं. आणि मॅक्रोत ‘ज्या फाइलमध्ये हा कोड आहे ती फाइल’ असा उल्लेख असेल, तर छापली जाणारी पर्चीही गेल्या वर्षीचीच.

बटण, लिंक किंवा टूलबारवरचं चित्र यांच्या पोटात मॅक्रो नसतोच. असतो तो त्याचा पत्ता. हे एकदा पक्कं लक्षात ठेवलं की पुढची निम्मी डोकेदुखी संपते. म्हणून बटण कसं बनवायचं याआधी विचार करायचा तो मॅक्रो कुठे ठेवायचा याचा.

उदाहरण डोळ्यासमोर असलं की बोलायला सोपं जातं. समजा, गौतमपुऱ्यात सोयाबीन, लसूण आणि बटाट्याची खरेदी करणारी एक पेढी आहे. गौतमपुरा इंदूर जिल्ह्यात, देपालपूर तहसिलीत. मल्हारराव होळकरांच्या पत्नी, म्हणजे अहिल्याबाईंच्या सासूबाई, गौतमाबाई यांचं नाव या गावाने धरलं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे तुर्रा आणि कलगी असे दोन पक्ष एकमेकांवर पेटते हिंगोट, म्हणजे शोभेची दारू भरलेली फळं, फेकतात, त्यामुळे महाराष्ट्रातल्या लोकांनीही गावाचं नाव बातम्यांत ऐकलेलं असतं. होळकरशाहीत या भागातला जमाखर्च मोडीत लिहिला जाई. आता तो एक्सेलमध्ये असतो आणि पेढीवरची माणसं हिंदीत वाचतात. शीट मात्र इंदूरला राहणाऱ्या एखाद्या मराठी हिशेबनीसाने बनवलेली. शीटमध्ये एका शेतकऱ्याच्या मालाची एक ओळ: नाव, जिन्नस, बोऱ्या, वजन, भाव, रक्कम. ओळीच्या शेवटी ‘पर्ची छापें’.

या पेढीवर तीन कॉम्प्युटर आहेत आणि दरवर्षी नवी फाइल निघते. मॅक्रो त्या फाइलमध्येच ठेवला, तर दरवर्षी त्याची एक प्रत वाढते. तिसऱ्या वर्षी हम्मालीचा हिशेब बदलला की कोणत्या प्रतीत दुरुस्ती केली आणि कोणत्यात राहिली, हे कोणालाच सांगता येत नाही. उपाय म्हणजे ॲड-इन. मॅक्रो एका वेगळ्या फाइलमध्ये लिहायचे आणि ती जतन करताना प्रकार निवडायचा ‘एक्सेल ॲड-इन’. शेपूट लागतं एक्सएलएएम. मग फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स इथे जाऊन खालच्या ‘गो’वर क्लिक करून तिच्यासमोर खूण करायची. यापुढे एक्सेल उघडलं की ही फाइल पडद्याआड उघडलेली असते. हिशेबाची फाइल साधी, मॅक्रोविना राहते. ती बँकेला पाठवा, सीएंना पाठवा, कोणी धोक्याचा पिवळा पट्टा पाहून बिचकत नाही.

ॲड-इन केल्यावर दोन गोष्टी बदलतात आणि दोन्हींवर नवखा माणूस अडतो. एक, ऑल्ट-एफ८ दाबून मॅक्रोंची यादी काढली तर त्यात ॲड-इनमधले मॅक्रो दिसत नाहीत. ते गेले कुठेच नाहीत; नाव हाताने टाइप करून ‘रन’ दाबा, चालतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कोडमध्ये ‘धिसवर्कबुक’ असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ आता हिशेबाची फाइल असा उरत नाही, तो होतो खुद्द ॲड-इन. तिथे ‘ॲक्टिव्हवर्कबुक’ हवं. जुना कोड ॲड-इनमध्ये हलवताना हा एक शब्द सगळीकडे शोधून तपासा, नाहीतर मॅक्रो लपलेल्या कोऱ्या शीटमधून कोरी पर्ची छापत बसेल.

आता बटणं. सगळ्यात सोपा रस्ता क्विक ॲक्सेस टूलबारचा, म्हणजे खिडकीच्या वरच्या भागात छोटी चिन्हं असतात ती पट्टी. तिच्यावर उजवं क्लिक, कस्टमाइझ, यादीत ‘मॅक्रोज’, हवा तो मॅक्रो उजवीकडे पाठवायचा आणि ‘मॉडिफाय’मध्ये चित्र नि नाव बदलायचं. पट्टीवर तो पहिला असेल तर ऑल्ट-१, दुसरा असेल तर ऑल्ट-२ दाबूनही चालतो, आणि हंगामात दिवसभर पर्च्या काढणाऱ्या हाताला ही सोय माऊसपेक्षा फार आवडते. पण हे बटण त्या कॉम्प्युटरच्या त्या यूजरपुरतं असतं. ते ॲड-इनचा पूर्ण पत्ता, ड्राइव्हसकट, लक्षात ठेवतं. उद्या ॲड-इन दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की बटण जागच्या जागी असतं, दाबलं की ‘मॅक्रो चालवता येत नाही’ असं उत्तर मिळतं. एकट्याच्या कामाला ही पट्टी उत्तम, पेढीभर वाटायला नाही.

शीटवर चौकोन काढून त्याला उजव्या क्लिकने ‘असाइन मॅक्रो’ करणं हा सगळ्यांना येणारा प्रकार. फाइल आणि मॅक्रो एकत्र राहणार असतील तर त्यात काही वाईट नाही. मॅक्रो ॲड-इनमध्ये असेल तर मात्र चौकोनही तोच रडका पत्ता धरून बसतो: अमुक ड्राइव्ह, अमुक यूजर, अमुक फोल्डर. मुनीमजींच्या कॉम्प्युटरवर यूजरचं नाव वेगळं असलं की पत्ता चुकला.

पेढीसाठी खरं टिकाऊ बटण म्हणजे रिबनवरचं, आणि तेही ॲड-इनच्या पोटातच लिहिलेलं. एक्सएलएएम फाइल ही आतून झिप असते. तिच्यात एका छोट्या एक्सएमएल मजकुराने सांगता येतं की ‘पेढी’ नावाचा टॅब दाखव, त्यात तीन बटणं, त्यांची नावं ही, चित्रं ही, दाबल्यावर चालवायचे मॅक्रो हे. हाताने झिप उघडायची गरज नाही. ‘ऑफिस रिबनएक्स एडिटर’ नावाचं मोफत साधन त्यासाठीच आहे. ॲड-इनवर खूण केली की टॅब येतो, खूण काढली की जातो. पत्ता चुकायचा प्रश्नच उरत नाही, कारण बटण आणि मॅक्रो एकाच घरात राहतात. इथे अडखळायची एकच जागा: रिबनवरून बोलावल्या जाणाऱ्या मॅक्रोला ‘आयरिबनकंट्रोल’ या प्रकारचा एक आर्ग्युमेंट घ्यावाच लागतो. साध्या मॅक्रोचं नाव थेट दिलं तर आर्ग्युमेंटची संख्या चुकल्याची तक्रार येते. म्हणून रिबनसाठी दोन ओळींचा वेगळा मॅक्रो लिहायचा आणि त्यातून मूळ मॅक्रोला हाक मारायची. मूळ मॅक्रो मग ऑल्ट-एफ८नेही चालतो, लिंकनेही चालतो.

रिबनचं बटण मात्र एका जागी बसतं, ओळीगणिक येत नाही. साठ शेतकऱ्यांच्या साठ ओळी असतील तर मुनीमजींना आधी ओळ निवडावी लागते, मग वर जाऊन बटण दाबावं लागतं, आणि घाईत एक ओळ वर-खाली झाली की रामलालची पर्ची श्यामलालच्या हातात. प्रत्येक ओळीत एकेक चौकोन काढणं हा त्यावरचा इलाज नव्हे. ओळी सॉर्ट केल्या, गाळल्या, मधली काढली की चौकोन एकमेकांवर चढतात. इथे लिंक कामाला येते. लिंक सेलमध्येच राहते, ओळीबरोबर हलते.

लिंकने मॅक्रो चालवायचे एक्सेलमध्ये दोन मार्ग आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नका. पहिला हायपरलिंक या फॉर्म्युल्याचा. पत्त्याच्या जागी आधी हॅशचं चिन्ह, मग आपल्या फंक्शनचं नाव, मग रिकामे कंस, असं लिहिलं की क्लिक केल्यावर एक्सेल ते फंक्शन चालवतं. अट एवढीच की फंक्शनने शेवटी एखादी रेंज परत द्यावी, कारण एक्सेलच्या लेखी आपण त्याला कुठेतरी उडी मारायला सांगितलेलं असतं. ही युक्ती झटपट आहे, पण ती एक्सेलच्या एका वळणवाटेवर उभी आहे. पर्चीचा क्रमांक पुढे नेणं, खात्यात नोंद टाकणं असली कामं मी तिच्यावर सोपवणार नाही. दुसऱ्या शीटवर नेऊन काही दाखवायचं, एवढ्यापुरती ती ठीक.

दुसरा मार्ग पक्का. कंट्रोल-के दाबून सेलमध्ये रीतसर लिंक घालायची, ती याच फाइलमधल्या त्याच सेलकडे नेणारी. अशा लिंकवर क्लिक झालं की एक्सेल ‘फॉलो-हायपरलिंक’ ही घटना जाहीर करतं आणि ती ऐकणारा कोड आपण लिहू शकतो. फॉर्म्युल्याने केलेल्या लिंकवर ही घटना होत नाही, आणि चौकोनाला जोडलेल्या लिंकवरही नाही. तासभर डोकं खाजवणाऱ्यांपैकी बहुतेकांचा घोळ इथेच असतो.

ऐकणारा कोड हिशेबाच्या शीटमागे लिहिता येतो, पण मग फाइल पुन्हा मॅक्रोवाली झाली. आपल्याला तो ॲड-इनमध्ये हवा आहे. त्यासाठी ॲड-इनमध्ये एक क्लास मॉड्यूल घ्यायचं, त्यात ‘विथ-इव्हेंट्स’ लिहून एक्सेल ॲप्लिकेशनचा एक व्हेरिएबल ठेवायचा, आणि ॲड-इन उघडताना तो सुरू करायचा. यानंतर उघड्या कोणत्याही फाइलमध्ये, कोणत्याही शीटवर लिंक दाबली गेली की ॲड-इनला कळतं. मग ही लिंक आपली की दुसऱ्या कोणाची, हे ओळखायचं. लिंक घालताना ‘स्क्रीनटिप’ची एक जागा असते, तिच्यात रोमन अक्षरांत एखादा ठरलेला शब्द लिहून ठेवावा आणि कोडने तोच तपासावा. शब्द जुळला तर पर्ची, नाही जुळला तर गप्प बसायचं. ॲड-इन नसलेल्या कॉम्प्युटरवर हीच फाइल उघडली तर लिंक दाबून पर्ची निघत नाही, पण चूकही येत नाही.

आता ती पर्ची चुकायची जागा जवळून पाहू, कारण ती दिसत नाही. सातव्या ओळीत लिंक घातली आणि ती खाली साठ ओळींत कॉपी केली. फॉर्म्युला असता तर प्रत्येक ओळीत पत्ता बदलला असता. लिंकचा पत्ता बदलत नाही. साठही लिंका सातव्या ओळीकडेच नेतात. विसाव्या ओळीत क्लिक केलं की कर्सर आधी सातव्या ओळीत उडी मारतो आणि घटना त्यानंतर जाहीर होते. कोडने जर ‘ॲक्टिव्हसेल कोणती’ असं विचारलं, तर उत्तर येतं सात. पर्ची सातव्या ओळीतल्या शेतकऱ्याची छापली जाते, रोज, प्रत्येक क्लिकला. म्हणून ॲक्टिव्हसेल विचारायचंच नाही. घटनेबरोबर ‘टार्गेट’ नावाची वस्तू येते, तिची रेंज म्हणजे जिथे क्लिक झालं ती खरी सेल. ओळ क्रमांक तिथूनच घ्यायचा आणि कर्सरही परत तिथे आणून ठेवायचा. चाचणी करताना पहिल्या ओळीवर करून समाधान मानू नका. मधल्या ओळीवर करा, मग ओळी भावाप्रमाणे सॉर्ट करून पुन्हा करा.

या रचनेचा एक दुबळा सांधा आहे. मॅक्रो मध्येच चुकला, पडद्यावर चूक सांगणारी खिडकी आली आणि कोणी ‘एंड’ दाबलं, तर ऐकणारा तो व्हेरिएबल पुसला जातो. पुढे सगळ्या लिंका मुक्या, आणि कारण कुठे लिहिलेलं नसतं. एक्सेल बंद करून उघडलं की पूर्ववत. पण दुपारी तीनला, अंगणात ट्रॉल्यांची रांग असताना, हे फोनवर समजावणं अवघड जातं. म्हणून प्रत्येक मॅक्रोत चूक पकडणारी ओळ हवीच, आणि रिबनवर एक बटण ‘जोड़ी फिर चालू करें’ अशासारखं ठेवावं, जे तो व्हेरिएबल नव्याने सुरू करेल.

बटणावरच्या अक्षरांबद्दल. रिबनच्या एक्सएमएलमध्ये, चौकोनावर, सेलमध्ये देवनागरी बिनघोर लिहा. हिंदीत वाचणाऱ्या माणसासाठी हिंदीत लिहा, इंदूरच्या हिशेबनीसाच्या मराठीत नव्हे. पण मॅक्रो ज्यात लिहितात त्या व्हीबीएच्या एडिटरमध्ये देवनागरी टाइप केली की प्रश्नचिन्हांची ओळ उमटते. तो एडिटर युनिकोडच्या आधीच्या काळातला आहे आणि तसाच ठेवला गेला आहे. साधी संदेशाची खिडकीही त्याच जातीची. मग ‘पर्ची छप गई’ हे दाखवायचं कसं? ॲड-इनच्या लपलेल्या शीटमध्ये सगळे संदेश लिहून ठेवायचे आणि कोडने ते तिथून उचलून हिशेबाच्या शीटवरच्या एका ठरलेल्या सेलमध्ये टाकायचे. सेलमधून सेलमध्ये देवनागरी शाबूत जाते. फायदा असा की संदेश बदलायचा तर कोडला हात लावावा लागत नाही.

मॅक्रो चालला की एक्सेलची अनडूची यादी पुसली जाते, हेही पेढीवर सर्वांना सांगून ठेवा. कंट्रोल-झेडच्या भरवशावर ‘हंगामाच्या नोंदी साफ करा’ असलं बटण दाबणारा माणूस मी पाहिलेला आहे. असं बटण पर्चीच्या शेजारी नकोच. ते वेगळ्या गटात टाका आणि दाबल्यावर दिनांक टाइप करायला लावा.

ॲड-इन वाटायची कशी, यावर थोडं. ती व्हॉट्सॲपवर किंवा मेलने पाठवली की विंडोज त्या फाइलला ‘बाहेरून आलेली’ अशी खूण करून ठेवू शकतं. १९९९ मध्ये मेलिसा नावाचा मॅक्रो व्हायरस मेलमधून जगभर पसरला होता; २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींमधले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. तांबडा पट्टा दिसतो आणि त्यावर ‘चालू करा’चं बटणसुद्धा नसतं. फाइल आपलीच आहे याची खात्री असेल तर फाइलवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, खाली ‘अनब्लॉक’वर खूण. मॅक्रोची सुरक्षा सरसकट खाली करणारी सेटिंग सुचवणारे सल्लागार गावोगाव आहेत. त्यांचं ऐकू नका. त्यापेक्षा एक फोल्डर ‘विश्वासू जागा’ म्हणून ट्रस्ट सेंटरमध्ये नोंदवा, त्यात फक्त आपली ॲड-इन ठेवा, आणि डाउनलोड्सचा फोल्डर कधीही तसा नोंदवू नका.

लिबरऑफिस कॅल्क वापरणाऱ्यांनाही हे सगळं जमतं. टूल्स, कस्टमाइझ इथून टूलबारवर मॅक्रो बसतो; शीटवर फॉर्मचं बटण काढून त्याच्या ‘इव्हेंट्स’मध्ये मॅक्रो जोडता येतो, फक्त नंतर डिझाइन मोड बंद करायला विसरायचं नाही, नाहीतर बटण दाबलं जाण्याऐवजी नुसतं निवडलं जातं. पेढीभर वाटायचं तर ओएक्सटी प्रकारचं एक्स्टेन्शन करावं. ते आपला टूलबार स्वतःबरोबर आणतं. बेसिकच्या एडिटरमध्ये तिथे देवनागरी सरळ लिहिता येते, या बाबतीत फुकटचं सॉफ्टवेअर एक्सेलच्या पुढे आहे. लिंकच्या पत्त्यात मॅक्रोचं नाव देऊन तो चालवायची सोयही कॅल्कमध्ये आहे, पण त्याच वाटेने इशारा न देता काही स्क्रिप्ट चालवता येत असल्याची त्रुटी २०२३ मध्ये दुरुस्त करावी लागली. तेव्हा आवृत्ती ताजी ठेवा, आणि लिंकपेक्षा टूलबारला पसंती द्या.

फोनचं काय, हा प्रश्न येणारच, कारण लिलावाच्या वेळी मालक मंडीच्या ओट्यावर असतात, कॉम्प्युटरपाशी नसतात. फोनवरचं एक्सेल व्हीबीए चालवत नाही. ब्राउझरमधलंही नाही. तेवढ्या कामासाठी गूगल शीट्स घ्यावं लागतं, आणि तिथेही सापळा आहे: कॉम्प्युटरवर चित्राला स्क्रिप्ट जोडता येते, वर स्वतःचा मेन्यू करता येतो, पण फोनच्या ॲपमध्ये यातलं काहीच चालत नाही. सेलमधली लिंकही तिथे थेट स्क्रिप्ट चालवत नाही. चालतो तो चेकबॉक्स. ओळीच्या शेवटी चेकबॉक्स ठेवायचा आणि शीट बदलल्यावर चालणारी स्क्रिप्ट लिहायची: बदल याच स्तंभात झाला का, खूण लागली का, असेल तर त्या ओळीचं काम कर. वेळ नोंदवणं, रक्कम दुसऱ्या शीटवर नेणं एवढंच काम असेल तर साधा ‘ऑनएडिट’ पुरतो. पर्चीचं पीडीएफ करून ड्राइव्हमध्ये ठेवायचं किंवा मेल करायचं असेल तर परवानगी लागते आणि ट्रिगर वेगळा, रीतसर बसवावा लागतो. काम झालं की स्क्रिप्टनेच खूण काढून टाकावी. स्क्रिप्टने केलेल्या बदलाने तो ट्रिगर पुन्हा चालत नाही, त्यामुळे एका खुणेला दोन पर्च्या निघायची भीती नाही.